रिकाम्या हातांची चाल

माझ्या नोकरीचं खरं वर्णन मी कुणाला सांगत नाही. लग्नकार्यात कुणी विचारलंच तर "मेडिकल लाइनला आहे" एवढं म्हणते आणि वाढप्याकडे भात मागते. खरं सांगायचं तर मी रोह्याला बाप्यांच्या पिंढऱ्या भादरते.

त्याचं असं आहे. आमच्या छोट्याशा फिजिओथेरपी केंद्राच्या मागच्या खोलीत माणसाची चाल मोजायचं यंत्र आहे. एका कंपनीने आपल्या कामगारांच्या पायांच्या तक्रारींना कंटाळून ते देऊन टाकलं. यंत्राच्या वायरी पायाला चिकटवायला गोल चकत्या असतात आणि त्या केसांवर बसत नाहीत. म्हणून मांडीवर पुढे एक, मागे एक, नडगीवर एक, पिंढरीवर एक असे प्रत्येक पायाला चार चौकोन मी वस्तऱ्याने साफ करते आणि स्पिरिटने पुसते. शिफ्ट संपवून आलेले दणकट पुरुष तेवढ्यानेच घाबरतात. एकजण तर दुसऱ्या दिवशी परत आला आणि म्हणाला, ताई, बायकोला फोनवर तुम्हीच सांगा हे चौकोन कशाचे. मी सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही कोण?

खोलीत बारा-पंधरा पावलांची लाकडी पट्टी आहे. तिच्या मधोमध दोन लोखंडी प्लेटी बसवल्या आहेत, वर सारखंच आच्छादन, म्हणजे चालणाऱ्याला त्या कळू नयेत. आपण पायाने जमिनीला जेवढं दाबतो तेवढंच जमीन आपल्याला उलट दाबते, आणि त्या उलट दाबण्याचं चित्र पडद्यावर उमटतं. धडधाकट माणसाचं चित्र ठरलेलं: एक टेकडी, मग दरी, मग दुसरी टेकडी. पाय टेकून भार आला की पहिली टेकडी, माणसाच्या वजनाच्याही वर जाणारी. सरळ पायावरून अंग पुढे सरकताना दरी. आणि पंजाने मागे रेटताना दुसरी. मला हे चित्र फार आवडतं. माणूस कितीही थापा मारो, पावलाला दोन टेकड्या काढाव्याच लागतात, असं मला वाटायचं.

स्नायूंचं चित्र तर त्याहून मजेशीर. चालताना पायांचे स्नायू सारखे राबत असतील असा सगळ्यांचा समज असतो. मुळीच नाही. टाच टेकली की नडगीचा स्नायू उठतो, पाऊल आपटू नये म्हणून ते हळूच खाली सोडतो. मांडीचा पुढचा क्षणभर जागा होतो, गुडघा दगा देऊ नये म्हणून, आणि लगेच झोपतो. पिंढरी उशिरा उठते, रेटा देते, पुन्हा आडवी. कामापुरते जागे, एरवी घोरत पडलेले. दादा बाहेरगावी गेला की आमच्या कारखान्यातली माणसं अशीच काम करतात.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, आणि कारखाना म्हणजे पेणजवळच्या हमरापूरचा आमचा गणपतींचा कारखाना. या गोष्टीत खरी माणसं तीनच. दादा, मी आणि आमची आत्या.

आत्या लग्न होऊन सासरी गेली आणि दीड वर्षात परत आली. का आली हे तिने कुणाला सांगितलं नाही, आणि आजोबांनी विचारलं नाही. त्यांनी तिच्या हातात ओल्या मूर्तीचा पाट दिला आणि म्हणाले, हा अंगणात नेऊन ठेव. त्यानंतर चाळीस वर्षं ती मूर्ती नेऊन ठेवत आली. साच्यातून निघालेली शाडूची मूर्ती जड असते आणि तितकीच नाजूक. आशीर्वादाचा हात, सोंडेचं टोक, कान, हे सगळे सांधे ओले असतात. नेणाऱ्याने टाच आपटली तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. चार दिवसांनी मूर्ती वाळली की कानाच्या मुळाशी केसाएवढी भेग दिसते, आणि मग गेल्या चार दिवसांत कोण कसं चाललं यावरून भांडणं होतात.

आत्याने नेलेल्या मूर्तीला कधी भेग गेली नाही. पाट हातात आला की तिचे गुडघे किंचित मुडपतात, पाऊल टाचेवर न पडता सपाट उतरतं, आणि कंबरेखाली सगळं हलत असताना कंबरेवर काहीही हलत नाही. लांबून पाहिलं तर ती चाकांवर ठेवल्यासारखी सरकते. लहानपणी मी तिची नक्कल करायचे आणि मार खायचे. मला ही चाल कधी जमली नाही. मी चालले की कपाटातले कप वाजतात असं दादा म्हणतो. ते खरं आहे, पण म्हणायची काही गरज नाही.

तर दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात दादा आत्याला म्हणाला, "आत्या, तू गुडघा धरून बसतंस मी बगतो. हातातला गनपती पडला म्हंजे? डाक्टरचा कागद आन, पाय धड हायेत असा. नायतर मूर्ती उचलू नको. बस आतमध्ये पॉलिश पेपर मारत."

पॉलिश पेपर मारणं म्हणजे वाळलेल्या मूर्तीला घासून गुळगुळीत करणं. ते नव्या मुली करतात, गप्पा मारत, मोबाइलवर गाणी लावून. आत्याला ते सांगणं म्हणजे मास्तरांना पहिलीत नेऊन बसवणं. तिने मला फोन केला.

"तुझ्या तितं पायाची परीक्षा घेतात ना गो?"

"परीक्षा नाही आत्या, तपासणी."

"त्येच. काय बगतात?"

इथे मी चूक केली. मी मजेने सांगितलं की जमिनीत प्लेट लपवलेली असते आणि पाय किती जोरात आपटतो ते ती बरोबर पकडते. आत्या म्हणाली, "आपटायला मी काय तू हाय?" आणि फोन ठेवला.

मलाही खरं तर दादाची जिरवायची होती. तो ओरडल्याशिवाय बोलत नाही, आणि बहिणीला बुद्धी असते हे त्याला अजून कळलेलं नाही. आत्याचा कागद त्याच्या तोंडावर फेकायचा, एवढाच माझा त्या सगळ्यातला स्वार्थ. आम्ही दोघींनी मिळून कटच केला म्हणा.

ती आली ती नव्या साडीत. आमच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पुण्याकडच्या, फार गोड बोलतात. त्यांनी समजावलं, "घाबरायचं नाही. घरी चालता तसं साधं चालायचं." आता, साधं चाला म्हटल्यावर माणूस कधीही साधं चालत नाही. कुणी परेडला आल्यासारखं चालतो, कुणी नवरदेवासारखं. एका सुपरवायझरने तर हात आणि पाय एकाच बाजूचे पुढे टाकले होते, आणि तीन फेऱ्या झाल्या तरी त्याचं त्याला कळलं नाही.

आत्या पट्टीच्या टोकाला उभी राहिली. साडीचा काष्टा तिने वर खोचून घेतलेलाच होता. तिने दोन्ही हात पुढे धरले, तळवे वर. गुडघे मुडपले. आणि निघाली. हातात काही नाही, आणि चाल मात्र गणपती धरल्याची. प्लेटीवरून अशी गेली की मांजर गेलं असतं तर जास्त आवाज झाला असता. पलीकडे पोचली आणि वळून माझ्याकडे पाहून तिने भुवई उडवली. सहा फेऱ्या तिने अशाच काढल्या.

मी सगळं ओळखलं होतं. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मला हसू दाबायचं काम होतं आणि शिवाय मला वाटलं, आपण जिंकलो.

डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या. टेकड्या नव्हत्या. दरीही नव्हती. जवळजवळ सपाट पठार, दोन्ही पायांचं. आणि खाली मांडीच्या स्नायूची रेघ पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत अखंड जागी. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या एरवी चालतात कशा? यांचा गुडघा सरळच होत नाही. जिना चढताना लागेल एवढी ताकद या सपाट जमिनीवर लावताहेत. हातही असे पुढे धरलेत, तोल जायची भीती वाटत असेल."

बाहेर आत्या चहा पीत होती. "किती मार्क पडले?" तिने विचारलं.

"नापास," मी म्हणाले.

तिचा चेहरा मी विसरणार नाही. कप तिने खाली ठेवला आणि म्हणाली, "पन मी आपटलंच नाय." तिच्या दृष्टीने हिशेब साधा होता. ज्या घरात आयुष्यभर न आपटणं हीच चालण्याची परीक्षा, तिथे दुसरी कुठली परीक्षा असू शकते हे तिला सुचणार कसं? आणि मी, दोन्ही घरची माहिती असलेली शहाणी, गंमत बघत बसले होते.

मी आत जाऊन डॉक्टरीणबाईंना कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. उलट त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "मग मला यांची खरी चाल बघायचीय. पुढच्या आठवड्यात आणा."

पुढच्या आठवड्यात नवीनच पंचाईत. आत्याला साधं चालताच येईना. हात सोडून चाल म्हटलं तर हात लाकडासारखे ताठ. टाच आधी टेक म्हटलं तर तिने टाच अशी टेकवली की जणू चिखलात काठी रोवतेय. चार पावलं टाकून थांबायची आणि म्हणायची, "असं कोन चालतं?" दहा फेऱ्या वाया गेल्या. डॉक्टरीणबाई दमल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "राहू द्या आजी, तुम्हाला झेपत नाहीये."

आजी! आत्याला नातवंड नाही, मूल नाही. कारखान्यातली सगळी माणसं तिला आत्या म्हणतात, तिच्याहून मोठी असलेलीसुद्धा. ती गर्रकन वळली आणि पट्टीवरून थेट डॉक्टरीणबाईंच्या अंगावर चालून आली. "आजी कुनाची गो? कुनाची आजी?" हात उडताहेत, पदर सुटलाय, वायरी मागे फरफटताहेत. आणि मी, एक बोट बटणावर ठेवून, शांतपणे सगळं नोंदवून घेतलं. अशा वेळी माझं डोकं फार छान चालतं.

डॉक्टरीणबाईंनी तिची माफी मागितली, आत्या म्हणून हाक मारली, आणि मग आम्ही पडद्यावर पाहिलं. टेकड्या आल्या होत्या. डाव्या पायाच्या दोन उंच, रागाच्या टेकड्या. उजव्या पायाच्या मात्र बुटक्या, आणि घाईत उरकलेल्या. उजवा पाय जमिनीवर टेकतो न टेकतो तोच उचललेला. ती लंगडत होती. चांगलीच लंगडत होती, आणि आमच्या घरात कुणी हे धड पाहिलं नव्हतं, कारण लोकांसमोर ती रिकाम्या हाताने कधी चालतच नसे. हातात पाट, नाहीतर सूप, नाहीतर पाण्याची कळशी. काहीतरी धरलेलं असायचंच. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. सात वर्षं मी जगाच्या पायांना चकत्या लावते आहे.

"तरी कागद द्या," आत्या म्हणाली. "रिकाम्या हातांनी मी लंगडीन. गनपती घेतल्यावर माजं काय दुखत नाय. पायजे तर गनपती आनून दावते."

मला वाटलं, बोलून गेली. पण चार दिवसांनी सकाळी तिचा फोन, पेण स्टेशनवर ये. मी त्या दिवशी पेणमध्येच मैत्रिणीकडे मुक्कामाला होते ती गेले, तर ही फलाटावर उभी. हातात पाट, पाटावर हातभर उंचीची वाळलेली कच्ची मूर्ती. हमरापूरला स्टेशन असून ती रिक्षाने पेणला आली होती, कारण हमरापूरला चढली असती तर मूर्ती तिने स्वतःच उचललीय हे गाडी सुटायच्या आत दादाला कळलं असतं. दादाला काय सांगितलंस विचारलं, तर म्हणे, रोह्याच्या मंडळाला नमुना दाखवायचाय, पाट तू धरणार. इतक्या वर्षांत ती दादाशी किंवा आजोबांशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आणि बोलली तेव्हा एकदम मंडळच उभं केलं.

गाडीत आम्ही शिरलो आणि डबा गप्प झाला. पांढरीफटक मूर्ती, रंग नाही, डोळे नाहीत. एका म्हाताऱ्याने उठून आत्याला जागा दिली. ती म्हणाली, बसले तर डब्याचे हादरे मूर्तीला लागतील, मी उभीच बरी. गुडघे मुडपून ती दारापासून जरा आत उभी राहिली. गाडी डुलली की ती डुलायची, मूर्ती जागची हलायची नाही. मग एकेक जण नमस्कार करू लागला. एका बाईने पाटावर जास्वंद ठेवलं. दुसऱ्याने केळं. नागोठण्याला चढलेल्या एका घोळक्याने तर मोठ्याने जयजयकार केला.

आत्याचा धीर सुटला. "अरे, हात काय जोडताव? अजून डोले नाय काढले त्याचे. तो काय बगतो तुमाला?"

"देव आहे मावशी तो," एक तरुण म्हणाला आणि मोबाइल वर धरून चित्रीकरण करू लागला.

"देव भादव्यात. आता माती हाय. केला घ्या तुमचा."

केळं मी खाल्लं.

केंद्रात पोचल्यावर आधी मूर्तीचं वजन झालं, मग आत्याला चकत्या लावल्या. डॉक्टरीणबाईंनी मूर्तीला हळूच नमस्कार केलेला मी पाहिला, पण आत्याला सांगितलं नाही. मग आत्याने पाट उचलला आणि चालली.

त्या फेऱ्या मी आजही डोळे मिटून पाहू शकते. उजवा आणि डावा, दोन्ही पायांची चित्रं एकावर एक ठेवली तर सुईसुद्धा मध्ये जाऊ नये. लंगडणं नावाची गोष्ट पुसून टाकलेली. रिकाम्या हातांनी खुरडत चालणारी बाई, हातात दहा-बारा किलो माती आली की तरुण झाली. डॉक्टरीणबाई पुटपुटल्या, "कमाल आहे." आत्याने माझ्याकडे पाहून पुन्हा भुवई उडवली. मी दादाच्या तोंडावर कागद फेकण्याची तयारी मनात सुरू केली.

पण डॉक्टरीणबाई खालच्या रेघा बघत होत्या. मांडीचा स्नायू. तो झोपतच नव्हता. त्यांनी खुर्ची सरकवली आणि आत्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आत्या, आपण तिघी एक खेळ करू. गुडघे मुडपून नुसतं उभं राहायचं. तुम्ही गाडीत उभ्या होता तसं."

आम्ही उभ्या राहिलो. तीस मोजेपर्यंत माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी जेमतेम मिनिटभर दम काढला आणि भिंत धरली. आत्या आमच्याकडे कीव आल्यासारखी बघत उभीच.

"बघा," डॉक्टरीणबाई धापा टाकत म्हणाल्या, "आम्ही दोघी तुमच्याहून लहान, आम्हाला एक मिनिट झेपलं नाही. तुम्ही दिवसभर हेच करता. सरळ पायावर माणूस चालतो तेव्हा हाडं भार घेतात आणि स्नायूंना विसावा मिळतो. तुम्ही मूर्तीला धक्का लागू नये म्हणून तो सगळा धक्का मांड्यांत जिरवता. मांडी गुडघ्याला आवळून धरते, म्हणून उचललेलं असताना दुखत नाही. पण त्या आवळण्याचा दाब गुडघ्याच्याच सांध्यावर पडतो. संध्याकाळी जे दुखतं ते त्याचंच."

"म्हंजे," आत्या सावकाश म्हणाली, "ठेवल्यावर दुखतं ते उचलल्यानं?"

"हो."

"आनि उचलल्यावर बरं वाटतं ते खोटं?"

डॉक्टरीणबाई खाली तिच्या गुडघ्यांशी बसल्या. त्या चांगल्या आहेत, म्हणून बसल्या. "बरं वाटतं ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते तुम्हाला महागात पडतंय. मी हो असा कागद दिला तर दोन-चार वर्षांत तुम्हाला उंबरठा ओलांडायला माणूस लागेल."

कागद त्यांनी लिहिला. व्यायाम लिहिले, औषध लिहिलं, आणि वजन उचलू नये असं स्पष्ट लिहिलं. आत्याने तो नीट घडी करून कमरेला खोचला. तिला वाचता येत होतं, पण तिने तो वाचला नाही.

परतीच्या गाडीसाठी रोह्याच्या फलाटावर आम्ही बसलो होतो. मूर्ती माझ्या मांडीवर, कारण आत्याने ती माझ्याकडे दिली होती. आपणहून दिली होती. आजवर तिने माझ्या हातात कच्ची मूर्ती कधी दिली नव्हती. मला काहीतरी चावट बोलून तिला हसवायचं होतं. माझ्याकडे नेहमी असतं काहीतरी.

"मंग मी त्या घरात कोन?" ती म्हणाली.

"पोर नाय, नवरा नाय, जमीन नाय. बाबानी हातात पाट दिला म्हनून मी हाय. पाट गेला, की मंग कोन मी? दादाच्या घरात दोन वेला जेवनारी बाई?"

"असं कुणी म्हणतं का आत्या," मी म्हणाले. ते फार गुळगुळीत वाक्य होतं आणि ते मला बोलतानाच कळलं. कुणी म्हणत नव्हतं हे खरं. म्हणायची वेळ येऊ नये म्हणून ती चाळीस वर्षं चालली होती, हेही खरं. मला रडू आलं, आणि हात मूर्तीत अडकलेले असल्यामुळे नाक पुसता आलं नाही. शेवटी तिनेच पदराने पुसलं.

पेणला उतरलो तर फलाटावर दादा. सकाळच्या त्या तरुणाचं चित्रीकरण दुपारपर्यंत हमरापूरच्या प्रत्येक मोबाइलवर पोचलं होतं. त्यात आत्या साफ दिसत होती, मूर्ती साफ दिसत होती, आणि केळं खाताना मीही. दादाचे हात कमरेवर होते. म्हणजे आता ओरडणार. मी मनात दोन उत्तरं जुळवून ठेवली.

आत्याने त्याला बोलू दिलं नाही. तिने मला थांब म्हणून हात केला, साडी जरा वर धरली आणि फलाटावर, भरल्या लोकांत, रिकाम्या हातांनी दहा-बारा पावलं चालून गेली. लंगडत. काही न लपवता. मग वळली आणि तशीच त्याच्यासमोर परत आली.

"बग," ती म्हणाली. "असं हाय. कागद पन नाय म्हनतो. नको उचलू म्हनतो."

दादा तिच्या पायांकडे बघत होता. "मना ठाव हाय," तो म्हणाला. आवाज इतका खाली होता की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. "दोन वर्सं बगतोय. तू मागच्या पायरीवर बसून गुडघा दाबतंस तवा मी रंगाच्या खोलीच्या खिडकीत असतो."

"मंग मूर्ती पडल, मूर्ती पडल म्हनून कागद कशाला मागितलास?"

"तू पडशील म्हनून सांगतलं असतं तर ऐकलं असतंस?" दादा म्हणाला. "गनपतीचं नाव घेतल्याबिगर तू कुनाचं ऐकतंस? मूर्ती पडली तर दुसरी काढू. साचे हायेत घरात. तुजा साचा कुटं हाय?"

आत्या एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "मंग तोंडानं तसं बोलायचं होतं ना, मेल्या!" आणि त्याच्या दंडावर एक चापट ठेवून दिली, चांगली सणसणीत. दादा हसला. मी जुळवलेली दोन्ही उत्तरं वाया गेली.

बाहेर पडायला जिना होता. आत्या पहिल्या पायरीशी थांबली. एरवी अशा वेळी ती काहीतरी उचलायची आणि सरकत निघून जायची. तिने आजूबाजूला पाहिलं, उचलण्यासारखं काही नव्हतं. दादाने खांदा पुढे केला. तिने तो धरला, घट्ट, पाच बोटांनी, आणि सगळा भार त्याच्यावर टाकून एकेक पायरी चढू लागली. तो तिच्या पावलाला पाऊल लावून चढत होता.

गणपती माझ्याच हातात राहिला होता. मी मागून टाचा आपटत येत होते आणि आता सोंड जाते की कान, या भीतीने घामाघूम झाले होते. दोघांपैकी एकानेही मूर्तीकडे वळून पाहिलं नाही.